बर्फ नको, कडबा काढा

डिसेंबर लागला की आपल्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत नाताळची कार्डं टांगली जातात. पांढरा बर्फ, सूचिपर्णी झाड, लाल टोपीचा म्हातारा, धुराडं असलेलं उतरत्या छपराचं घर. बीदरच्या पठारावर डिसेंबरात थंडी चांगलीच पडते, पहाटे शाल घ्यावी लागते. पण बर्फ आपण पाहतो तो रसाच्या गाड्यावर. तरी ते कार्ड आपण घेतो, आत नाव लिहितो आणि देऊन टाकतो. घेणाराही उघडून बघतो आणि ठेवून देतो.

माझं म्हणणं साधं आहे. यंदा कार्ड स्वतः करा, जलरंगात करा, जोडीला हाताने कोरलेले ठसे घ्या, आणि त्यावर आपण रोज जे बघतो तेच काढा. यात पैसे वाचतात आणि वेळही बरा जातो, पण मुद्दा त्याहून मोठा आहे. ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याच्यासाठी आपण डोळे उघडून काही पाहिलं, हे त्या कार्डावर दिसतं. छापील बर्फात ते दिसत नाही.

बर्फ ही तर नाताळची परंपरा, असं कुणी म्हणेल. मग परंपरेच्या मुळाशीच जाऊ. विक्रीसाठी छापलेलं पहिलं नाताळचं कार्ड म्हणून जे ओळखलं जातं, ते १८४३ साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल यांनी ते जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. छपाई झाल्यावर त्यात रंग हातांनी भरले होते. त्या चित्रात बर्फ नाही आणि सांताक्लॉजही नाही. मधोमध जेवणाच्या टेबलाभोवती जमलेलं एक कुटुंब आहे, आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. म्हणजे पहिल्या कार्डवाल्यांनी स्वतःच्या घरातलं आणि रस्त्यावरचंच काढलं होतं. परंपरा पाळायची असेल तर ही पाळा.

आता मूळ गोष्टीकडे बघा. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचं येतं. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या मुलांना 'गव्हाणी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यात बैलांच्या पुढ्यात ती असतेच. त्या रात्री मेंढपाळ रानात राहून कळप राखत होते, असंही तिथं आहे. आपल्याकडे पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर कळप तिथंच बसतो, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे मिळतात. घोंगडी पांघरलेला माणूस, विझत आलेली शेकोटी, एक कान टवकारलेलं कुत्रं. ज्या चित्रासाठी लंडनचा चित्रकार कल्पना लढवेल, ते आपल्या गाववाटेवर आहे, आणि आपण सांबरांची गाडी विकत घेतो!

याच दिवसांच्या आगेमागे आपल्याकडे येळवस येते. रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पांडव मांडून पुजायचे, आणि मग भज्जी, उंडे, आंबिल यांचं जेवण. त्या जेवणाला शेजारीपाजारी, मित्र, वाटसरू सगळ्यांना बोलावणं असतं. कोण कुठल्या धर्माचा हे तिथं कुणी विचारत नाही. कडब्याची ती कोप एकदा नीट बघा. बेथलेहेमचा गोठा काढायला आणखी वेगळं काय लागतं?

हा विचार नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताची भक्ती गायला त्यांना अभंगच जवळचा वाटला. आज चर्चमध्ये आपण ती गाणी सहज म्हणतो. चित्रात हेच काम गोव्याच्या अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी केलं. शांतिनिकेतनात शिकून आल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यावर नाराजी झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले. त्यांचं बरंचसं काम जलरंगातलं आहे. आणि त्याच शांतिनिकेतनातले नंदलाल बोस तर विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डावर चित्र काढून पाठवत. शेळी, झाड, वाटेवरची माणसं, जे दिसेल ते. एवढा मोठा चित्रकार पोस्टकार्डाला लहान समजला नाही.

मात्र एक धोका आहे. 'आपल्याकडचं काढा' म्हटलं की सगळे जण बीदरचा किल्ला, महमूद गावानचा मदरसा नाहीतर कलबुर्गीचा बंदे नवाज दर्गा काढायला घेतात. त्या वास्तू थोरच आहेत. पण त्यांचे फोटो बघून काढलेलं चित्र म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात होते. रोजचं म्हणजे रोजचं. बसस्टँडवरचा चहाचा ग्लास. काळ्या रानातली शेंगांनी वाकलेली तूर. भाकरी थापणारे हात. शहाबादी फरशीवर वाळत घातलेल्या मिरच्या. नळाला पाणी यायच्या आधी रांगेत ठेवलेल्या घागरी. आपल्या दोन जिल्ह्यांचे रंगसुद्धा वेगळे आहेत. बीदरच्या जांभ्याची माती तांबडी, कलबुर्गीकडचं रान काळं. कागदावर हे दोन हात फिरवले तरी ओळखणारा ओळखतो की कार्ड कुठून आलं.

आता ठसे कशाला? तर 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. ठसा एकाने कोरला की दहा जणांच्या हातात फिरतो. आकार तोच राहतो, पण रंग, जागा आणि दाब प्रत्येकाचा वेगळा, म्हणून एकही कार्ड दुसऱ्यासारखं होत नाही. साहित्यही फार लागत नाही. मोठं खोडरबर, धारदार कटर, शाईचा पॅड. पेन्सिलीने कागदावर चित्र काढायचं, कागद रबरावर पालथा घालून घासायचा, रेघा उमटतात. मग जे उमटायला नको ते कोरून काढायचं. अक्षरं उलटी कोरावी लागतात हे लक्षात ठेवा. बटाट्याचा ठसा चालतो, पण एकाच दिवसात सुकतो. भेंडी आडवी कापली तर बहुतेक वेळा पाच टोकांची चांदणी मिळते. आधी रद्दी कागदावर टेकवून चिकटपणा काढायचा, मग दाट रंगात बुडवायची. बेथलेहेमचा तारा मंडईत पावशेराने मिळतो! जलरंगाचा हात आधी मारा, पूर्ण वाळू द्या, मगच ठसा उमटवा. ओल्या कागदावर पॅडची शाई पसरते. कागद जाड घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो.

आपल्या बिदरी कारागिरांकडे बघितलं तर हे सगळं ओळखीचंच वाटेल. तेही आधी जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर टोकदार सुईने मुक्तहस्त नक्षी रेखतात, मग छिन्नीने कोरतात, चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी किल्ल्याच्या मातीच्या लेपाने धातू काळा करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. फुलं, पानं, वेली त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरल्या आहेत. कोरणं ही या मातीतल्या हातांची सवय आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. नाती मात्र दोन्हीकडे राहिली. आज आपल्यातल्या कित्येकांच्या घरी आजी देवनागरी वाचते, नातवाची शाळा कन्नड किंवा इंग्रजीतली, आणि शेजारच्या चाचांना उर्दू बरी पडते. मग कार्डावर मजकूर कुठल्या लिपीत लिहायचा? काहीही लिहिलं तरी घरात कुणीतरी विचारणारच, 'काय लिहिलंय, वाचून दाखव की.' कोपीचं, मेंढरांचं, घागरींचं चित्र मात्र आजीही वाचते, नातूही वाचतो आणि चाचाही वाचतात. मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात मी शब्दांपेक्षा चित्राची बाजू घेतोय, हे काहींना विचित्र वाटेल. पण सीमेवर भाषा टिकते ती आधी घरातली माणसं एकमेकांशी बोलत राहिली तर. ते चित्र बघून आजी सांगायला लागते, 'आमच्या रानात कोप अशी नव्हती, अशी होती.' ती हे मराठीत सांगते आणि नातू मराठीत ऐकतो. एवढं एका कार्डाने झालं तरी आपल्या मंडळाचं काम झालं म्हणायचं.

परीक्षा तोंडावर आहे, वेळ नाही, हे खरं आहे. म्हणून पन्नास कार्डं करू नका. तीन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे जणांना शुभेच्छा खुशाल पाठवा. त्याला माझी हरकत नाही. पण ज्या तीन माणसांची आठवण तुम्हाला विनाकारण येते, त्यांना कागद पाठवा. आणि नाताळ तुमच्या घरचा सण नसेल तर हेच कार्ड संक्रांतीला पाठवा. रोजच्या दृश्याला सणाची अट नसते.

मंडळाला माझी एक सूचना आहे. कार्डांची स्पर्धा ठेवू नका. क्रमांक आले की पुन्हा किल्ला येईल. त्याऐवजी वाचनालयाच्या एका टेबलावर एक डबा ठेवा. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच वस्तू कोरून तो ठसा डब्यात टाकायचा, आणि दुसऱ्या कुणाचा तरी घेऊन आपलं कार्ड करायचं. औरादच्या मुलीची तूर आळंदच्या मुलाच्या कार्डावर जाईल, तिथून ते कार्ड उदगीरच्या मामांकडे जाईल. टेबल, डबा आणि थोडी खोडरबरं, एवढ्याने सुरुवात होते. भेंडी आणायचं माझ्याकडे लागलं.