उद्देश्य हरवले की अर्थही हरवतो

पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकविताना एक अनुभव दरवर्षी येतो. मराठी माध्यमातून आलेला, हिशेबात तरबेज असलेला विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एका साध्या ओळीपाशी अडतो. ‘अ राइज इन द प्राइस ऑफ राइस रिड्यूसेस द क्वांटिटी डिमांडेड.’ या वाक्यात मागणीचे प्रमाण घटविणारे कोण, असे विचारले की निम्मा वर्ग म्हणतो, ‘तांदूळ’. उरलेला म्हणतो, ‘किंमत’. ‘राइज’, म्हणजे वाढ, हे उत्तर क्वचितच येते. वास्तविक मागणीच्या नियमाचे मर्म त्याच शब्दात आहे.

हा दोष बुद्धीचा नव्हे, सवयीचा आहे. आपण ‘तांदळाच्या किमतीतील वाढ’ असे म्हणतो. मराठीत विशेषणे आणि षष्ठीची पदे आधी येतात, मुख्य नाम शेवटी. इंग्रजीत मुख्य नाम आधी येते आणि ‘ऑफ’, ‘इन’ यांचे लटांबर त्याच्यानंतर. शेवटचे नाम तेच मुख्य, या मराठी अंदाजाने वाचणारा येथे हमखास फसतो.

कर्मणी प्रयोगात घोटाळा आणखी वाढतो. ‘द टॅक्स इज पेड बाय द कन्झ्यूमर’ या वाक्याचे उद्देश्य ‘टॅक्स’ आहे. कर भरणारा ग्राहक विधेयात गेला आहे. उद्देश्य म्हणजे कर्ताच, असे पाठ केलेल्या मुलाला कर कोणी भरला हेच उमगत नाही.

शाळेत मात्र हा विषय ‘बर्ड्स फ्लाय’सारख्या वाक्यांवर उभी रेघ मारून उरकला जातो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. शिकण्याची वर्षे वाढली. वाक्य उलगडण्याची रीत तीच राहिली. उपाय खर्चिक नाही. प्रथम क्रियापद शोधावे, त्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ असा प्रश्न विचारावा, आणि ‘ऑफ’, ‘इन’ यांनी सुरू होणारे तुकडे तात्पुरते कंसात टाकावेत. जे नाम उरेल, ते उद्देश्य. हे मराठी वाक्य शेजारी ठेवून शिकविले, तर मायबोली अडसर न ठरता आधार ठरेल.

उत्तरपत्रिकेवर ‘विषय समजलेला नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी, विद्यार्थ्याला निदान वाक्य समजले होते काय, हे आम्ही शिक्षकांनी पाहावयास नको काय?