गव्हाचे वावडे आणि गोळीचा शोध

काही रोगांना औषध नसते. काहींना असते, पण ते परवडत नाही. सिलिअ‍ॅक या लहान आतड्याच्या रोगाची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. त्यावरील उपाय पाऊणशे वर्षांपूर्वीच सापडला. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही आणि तो औषधांच्या दुकानातही मिळत नाही. गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करावयाची, एवढाच तो उपाय. असे असूनही गेली वीस-बावीस वर्षे अमेरिका व युरोपमधील प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या या रोगावरील गोळीच्या शोधासाठी कोट्यवधी डॉलर खर्च करीत आहेत आणि एकाही गोळीला अद्याप मान्यता मिळालेली नाही. पथ्य हाती असताना हा खटाटोप कशासाठी, आणि तो यशस्वी झालाच तर त्याचा लाभ कोणाला, हे दोन प्रश्न केवळ वैद्यकाचे नाहीत. ते तितकेच अर्थकारणाचेही आहेत.

या रोगाचे कारण युद्धकाळातील टंचाईने ठळक केले. विलेम डिके हे हेग येथील बालरोगतज्ज्ञ. गव्हाच्या पदार्थांनी या मुलांचा आजार बळावतो, असा त्यांचा संशय युद्धापूर्वीचाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव दिसेनासा झाला. इतर लोक उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. पाव परत आला तसा त्यांचा आजारही परतला. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि पुढील काही वर्षांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन हाच खरा अपराधी असल्याचे दाखवून दिले. विशिष्ट जनुके असलेल्या काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनच्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर हल्ला करताना स्वतःच्याच आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. अन्नरस शोषून घेणारे रसांकुर झिजतात. खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते. मोठ्यांना रक्तक्षय आणि हाडांचा ठिसूळपणा जडतो.

पथ्याची किंमत

'गहू सोडा आणि बरे व्हा' हा सल्ला ऐकावयास सोपा आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ज्या उपायाला बाजारात किंमत नाही, तो फुकट असतो असे मुळीच नाही. त्याची किंमत रोगी अन्य मार्गाने मोजीत असतो. दिवसाला सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत आढळले. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पावाच्या एका कापाचा जेमतेम चाळिसावा हिस्सा. हॉटेलातील कढई, शेजारच्या घरचा प्रसाद, हिंगाच्या डबीत मिसळलेले गव्हाचे पीठ, यांतून तेवढे सहज पोटात जाते. शिवाय पथ्य पाळूनही आतडे लगेच पूर्ववत होतेच असे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१० सालच्या अभ्यासात निदानानंतर दोन वर्षांनी केवळ ३४ टक्के आणि पाच वर्षांनी ६६ टक्के प्रौढांचे आतडे भरून आल्याचे दिसले. म्हणजे प्रामाणिकपणे पथ्य पाळणाऱ्यांपैकीही अनेकांच्या आतड्यात विस्तव धुमसतच राहतो. 'पथ्य आहे, मग औषध कशाला?' असे विचारणाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

विकरांची कामगिरी

मग ग्लूटेन आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जठरात त्याचे तुकडे का करू नयेत? या साध्या प्रश्नातून विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, संशोधन उभे राहिले. ग्लूटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लांचा भरणा असतो आणि प्रोलिनच्या गाठी माणसाच्या पाचक रसांना सुटत नाहीत. २००२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात चैतन खोसला यांच्या गटाने ३३ अमिनो आम्लांचा असा एक तुकडा शोधून काढला, की जो पचनाच्या सर्व टप्प्यांतून अभंग राहतो आणि प्रतिकारयंत्रणेला तीव्रतेने चेतवतो. त्याच वेळी, एका जिवाणूच्या विकराने तो तोडता येतो, हेही त्यांनी दाखविले. खोसला यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी १९८५ साली पवईच्या आयआयटीतून घेतली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

या शोधातून लॅटिग्लूटेनेज हे औषध घडविण्यात आले. अंकुरणाऱ्या जवाच्या दाण्यात आढळणारे एक विकर आणि जिवाणूपासून मिळणारे दुसरे, अशी ही जोडी. दाण्याला कोंब फुटताना स्वतःचे प्रथिन पचवावे लागते. निसर्गातील तीच युक्ती येथे उसनी घेतली आहे. तथापि ४९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषध अपेशी ठरले. गंमत अशी की, औषध घेणाऱ्यांचे आतडे सुधारले, पण औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांचेही तेवढेच सुधारले. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे या जाणिवेने रुग्ण पथ्य अधिक काटेकोरपणे पाळू लागले असावेत, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण. पथ्य पाळणाऱ्या रोग्याच्या पोटात ग्लूटेनच नसेल तर विकराने तोडावयाचे काय? पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीत रुग्णांना सहा आठवडे रोज दोन ग्रॅम ग्लूटेन मुद्दाम देण्यात आले, तेव्हा मात्र औषधाने आतड्याची हानी कमी झाल्याचे आढळले.

दुसरा प्रयत्न अधिक धाडसी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने २०११ साली एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी संगणकाच्या साहाय्याने एका जिवाणूचे विकर असे बदलले, की ते जठरातील आम्लातही टिकावे आणि ग्लूटेनवरच नेमके तुटून पडावे. प्रथिनांच्या अशा संगणकीय रचनेबद्दल ज्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेत हे काम वाढले. २०२० साली टाकेडा या जपानी कंपनीने ते विकसित करणारी छोटी कंपनीच विकत घेतली. प्राथमिक चाचणीत या विकराने जठरातील ९७ ते ९९ टक्के ग्लूटेन तासाभरात नष्ट केल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

नव्व्याण्णव टक्क्यांचे गणित

नव्व्याण्णव टक्के ही संख्या मोठी भुलविणारी आहे. परीक्षेत ती मिळाली तर पेढे वाटावेत. येथे मात्र उरलेल्या एका टक्क्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते असे धरले, तर तीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. दिवसभरात सहा पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात १५ ग्रॅम ग्लूटेन जाईल. त्यातील ९९ टक्के नष्ट झाले तरी १५० मिलिग्रॅम शिल्लक उरते. म्हणजे अपायकारक ठरलेल्या ५० मिलिग्रॅमच्या तिप्पट. उलट चुकून पोटात गेलेल्या २०० मिलिग्रॅमवर हेच विकर वापरले तर अवघे दोन मिलिग्रॅम उरतात, आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांवर घसरली तरी उरणारे २० मिलिग्रॅम त्या मर्यादेच्या आतच राहतात. तात्पर्य, विकराची गोळी ही पोळी खाण्याचा परवाना नव्हे. पथ्यातील नकळत घडणाऱ्या चुकांविरुद्ध उतरविलेला तो विमा आहे. विमा उतरविला म्हणून कोणी घराला आग लावीत नाही, हा विवेक गोळीच्या बाबतीतही आवश्यक आहे.

विकरांखेरीज अन्य मार्गांचा अनुभवही संमिश्र आहे. रुग्णाच्या शरीराला ग्लूटेन सहन करावयास शिकविणाऱ्या नेक्सव्हॅक्स या लशीची चाचणी २०१९ साली थांबवावी लागली. आतड्याच्या पेशींमधील फटी घट्ट करू पाहणारे लॅराझोटाइड तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले. परंतु परिणाम सिद्ध करावयाचा तर अवाच्या सवा रुग्ण लागतील, असे मध्यंतरीच्या पाहणीत दिसल्यावर २०२२ साली ती चाचणी बंद झाली. ग्लूटेनच्या तुकड्यांना अधिक घातक बनविणारे शरीरातीलच एक विकर निकामी करण्याच्या प्रयत्नाला मात्र यश दिसले; झेडईडी १२२७ या जर्मन औषधाने रोज तीन ग्रॅम ग्लूटेन खाणाऱ्या रुग्णांच्या आतड्याचे रक्षण केल्याचे २०२१ साली सिद्ध झाले. तेही सहा आठवड्यांपुरते. रोग मात्र जन्मभराचा आहे.

बाजाराची घाई

विज्ञान असे अडखळत चालले असताना बाजार मात्र थांबलेला नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये 'आहारपूरक' या नावाखाली विकावयाच्या वस्तूची परिणामकारकता आधी सिद्ध करावी लागत नाही. या वाटेने ग्लूटेन पचविण्याचा दावा करणाऱ्या अनेक गोळ्या दुकानांत आल्या. अशा पाच उत्पादनांची तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्लूटेनचे घातक तुकडे तोडण्यास ती कुचकामी असल्याचे आढळले. येथे ग्राहकाचा तोटा पैशापुरता नसतो. सिलिअ‍ॅकच्या अनेक रुग्णांना ग्लूटेन खाल्ल्यावर तत्काळ काही त्रास जाणवत नाही. आतडे मात्र मुकाट्याने झिजत राहते. वस्तू निरुपयोगी आहे हे ग्राहकाला वापरूनही कळत नसेल, तर 'ग्राहक शहाणा असतो' हे बाजाराचे गृहीतकच कोसळते. अशा ठिकाणी शासनाचे नियंत्रण ही अडवणूक नसून व्यवहाराची पूर्वअट होय.

खऱ्या औषधालाही अर्थकारण चुकत नाही. ते मान्य झाले तरी पथ्यासोबतच, रोज, आयुष्यभर घ्यावे लागेल. गव्हाऐवजी दुसरे धान्य देण्याचा खर्च समाजाने उचलावा, की गोळीचा? इटलीत रुग्णांना ग्लूटेनरहित अन्नासाठी सरकार दरमहा ठराविक रक्कम देते. इंग्लंडमध्ये असे अन्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळे. २०१८ अखेर ही सवलत पाव आणि पिठापुरती मर्यादित करण्यात आली. श्रीमंत देशही ज्या अन्नखर्चाला हात आखडता घेतात, तेथे महागड्या गोळीचा भार कोण सोसणार?

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत केवळ ०.१० टक्के प्रौढांना हा रोग असल्याचे आढळले. रोगाला अनुकूल जनुके तिन्ही भागांत सुमारे एकतृतीयांश लोकांत होती. ठळक फरक गव्हाच्या सेवनात होता. ज्यांच्या ताटात गहू मुख्य आहे आणि ज्यांना तोच गहू सरकार पुरविते, त्यांच्यात हा रोग अधिक असणे हा योगायोग नव्हे. उत्तरेतील एखाद्या शेतमजुराच्या मुलाला निदानच होत नाही. झाले तर शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य त्याच्यापुरते विष ठरते. वस्तुतः २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरडधान्य या तिन्हींचा समावेश आहे. वैद्यकीय दाखल्यावर अशा कुटुंबाला गव्हाऐवजी तांदूळ किंवा बाजरी देण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राची ज्वारी, बाजरी आणि नाचणी या रोग्यांना निसर्गतः चालतात. परंतु ज्या गिरणीत आधी गहू दळला, त्याच जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ निर्धोक राहत नाही. वेष्टनावर 'ग्लूटेनरहित' छापण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आपल्याकडे आहे. पण सुटे पीठ घेणाऱ्या गरिबाला वेष्टनाचा काय उपयोग? स्वतंत्र दळणाची सोय, रक्ततपासणीची जिल्हा रुग्णालयात उपलब्धता आणि शिध्यातील बदल, ही तीन कामे गोळीपेक्षा स्वस्त आहेत आणि आजच करता येण्याजोगी आहेत.

याचा अर्थ गोळीचा शोध व्यर्थ आहे असा नव्हे. पथ्य पाळूनही ज्यांचे आतडे भरून येत नाही, त्यांचा तो हक्क आहे आणि २००२ पासूनच्या अपयशांनीही ज्ञानात भरच घातली आहे. मात्र औषध येईपर्यंत रोगी जगला पाहिजे आणि आल्यावर ते त्याच्या आवाक्यात असले पाहिजे. डिके यांच्या रुग्णालयातील मुले कोणत्याही गोळीने सुधारली नव्हती. त्यांच्या ताटातून पाव गेला म्हणून ती सुधारली. दुष्काळाने जे नकळत केले, ते सुकाळात जाणीवपूर्वक करणे हे सुव्यवस्थित राज्यकारभाराचे काम आहे.