तोंडातून कोणी जन्मत नाही

जानेवारी 2018. तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलन भरलं. केंद्रात मनुष्यबळ विकास खात्याचे राज्यमंत्री असलेले सत्यपाल सिंह तिथं बोलून गेले, डार्विन चूक आहे, शाळा-कॉलेजातून तो बदलला पाहिजे. का? तर माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांनी पाहिला नाही! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच विरोध केला. पण गंमत बघा. हे गृहस्थ मुंबईचे पोलिस आयुक्त होते. खून होताना कुणी पाहिला नाही म्हणून यांचं खातं फाइल बंद करत होतं काय? हाडं, रक्त, ठसे बघूनच पंचनामा होतो ना?

मग उत्क्रांतीचाही पंचनामा करू. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरा, मांडव्याला उतरा. पायाखालचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा थिजलेला लाव्हा. समोर मुंबईत, वरळीच्या टेकडीत, अशाच लाव्ह्याच्या थरांमध्ये साचलेल्या गाळात बेडकांचे सांगाडे दगड होऊन बसले होते. रिचर्ड ओवेननं 1847 साली त्यांचं वर्णन छापलं. डार्विनचं पुस्तक यायला अजून 12 वर्षं होती. त्या थरात बेडूक आहे, माणूस नाही. इतक्या जुन्या थरात जगात कुठंच माणसाचं हाड सापडलेलं नाही.

वाटेत नशिबानं डॉल्फिन दिसेल. तो मासा नव्हे. फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. त्याच्या पराच्या आत आपल्यासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं. मागचे पाय गेले, तरी कमरेच्या हाडाचे तुकडे मांसात शिल्लक आहेत. देवानं एका दिवसात घडवला असेल, तर पाण्यातल्या जिवाला कंबर कशाला दिली? कच्छच्या खडकात चार पायांच्या जुन्या देवमाशांची हाडं मिळालीत. तिथं उत्तर आहे.

आणि रेवसच्या बाजूला खाडीच्या चिखलात निवटी बघा. आहे मासाच, पण परांवर चालते, ओल्या कातडीतून श्वास घेते. ती काही आपली आजी नाही. पण पाण्यातला जीव जमिनीवर कसा येऊ शकतो, ते डोळ्यांदेखत दाखवते. आणि आजच्या माकडाचा माणूस झाला असं डार्विनवाला म्हणतच नाही. माकड आणि आपण एकाच पूर्वजाची दूरची भावंडं, एवढंच.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, बेडूक-माशांचं आपल्याला काय? सांगतो. या देशात निर्मितीची कथा म्हंजे जातीचा जन्मदाखला आहे. पुरुषसूक्तात ब्राह्मण तोंड, शूद्र पायातून. आपण तर अंगाच्याही बाहेर! मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात पुन्हा तीच कथा. ती मनुस्मृती याच जिल्ह्यात, महाडला, 25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जळाली. कागद जळाला, कथा जळाली नाही. उत्क्रांती त्या कथेच्या मुळावर घाव घालते. सगळी माणसं आफ्रिकेतून निघालेली, सगळी आईच्याच पोटातून आलेली. तोंडातून कोणी जन्मत नाही. तोंडातून थापाच जन्मतात.

2022 साली एनसीईआरटीनं ओझं कमी करायच्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली. 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी 2023 ला जाहीर पत्र लिहून निषेध केला. वरून उत्तर काय, तर बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! अरे, पण तिथवर आपली किती पोरं पोचतात? दहावी झाली की कुणी कामाला, कुणी आयटीआयला. त्यांच्या वाट्याला डार्विन कधीच यायचा नाही. तोंडातून जन्मल्याची कथा मात्र कीर्तनात, टीव्हीवर फुकट मिळत राहणार. ओझं कुणाचं कमी झालं आणि कुणाच्या डोक्यावर चढलं, ते समजून घ्या.

महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं पुस्तक 2018 ला आलं, त्यात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा होता. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत तो धडा मोठ्यानं वाचा. पोरं पंचनामा करायला शिकली, की कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाहीत.