भिजलेला मका

१९७४ च्या अखेरीस गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत काविळीसारख्या व्याधीने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतील कुत्रीही मेली. कारण एकच निघाले: अवेळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालते, आणि शिजवल्या-भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. बुरशी झटकून दाणा उन्हात घातला तरी आतले विष तसेच राहते.

असा माल ‘गुरांना चालेल’ म्हणून स्वस्तात काढणे पेठेत नवे नाही. कोणी तो पांजरपोळातही धाडतो आणि त्याला दान म्हणतो. त्याने गायीचे यकृत बिघडते, आणि विषाचा अंश दुधातून माणसांपर्यंत येतो. शेंगदाणा, सरकी, मका वखारीत उतरवण्यापूर्वीच त्यांची ओल मोजून घ्यावी.