मद्यालयांची झडती भर सभेत व्हावी

दि. 8 मे 1930. गांधीजींच्या अटकेने सोलापूर खवळले होते. रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यासाठी लोकांचे लोंढे निघाले. धरपकड झाली, गोळीबार झाला आणि चौथ्या दिवशी, 12 मे रोजी, शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात हसतमुखाने फासावर गेले. त्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. परंतु त्या वणव्याची ठिणगी शिंदीच्या झाडापाशी पडली होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. दारूचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिचे दुष्परिणाम वस्तीच्या वाट्याला येतात, हे त्या पिढीने अचूक ओळखले होते.

आज सरकार स्वकीयांचे आहे. पण हिशेब बदलला आहे काय? जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात वाढ केली. त्यातून वर्षाकाठी सुमारे 14 हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित धरण्यात आला. ज्या शासनाला मद्यापासून एवढी प्राप्ती होते, त्याच शासनाचा विभाग परवाना देतो, तपासतो आणि रद्दही करतो. दुकानदारानेच तराजू तपासावा, तसा हा प्रकार आहे. संविधानाचे 47 वे कलम मद्यनिषेधाकडे बोट दाखवते, तर अर्थसंकल्प तिजोरीकडे!

कायदा दुबळा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यातील कलम 54 अन्वये परवाना निलंबित वा रद्द करता येतो. कलम 142 अन्वये सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी दुकाने बंद ठेवू शकतात. ‘परमिट रूम’ हा शब्दही याच कायद्याची आठवण आहे. पिणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे, ही अट आजही कागदावर जिवंत आहे. सायंकाळी एखाद्या परमिट रूममध्ये किती जणांना तो विचारला जातो, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

नागरिकांच्या हाती काय आहे? 2008 च्या आदेशाने गावाला व प्रभागाला ‘आडव्या बाटली’चा अधिकार दिला. तो मोलाचा आहे. परंतु त्यासाठी आधी 25 टक्के मतदारांच्या सह्या आणि नंतर एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात. दिवसभर विड्या वळून घर चालवणाऱ्या पूर्व भागातील भगिनीने हा डोंगर किती वेळा चढावा? शिवाय हा उपाय टोकाचा आहे. एकतर दुकान कायमचे बंद, नाहीतर सारे जैसे थे. ज्या मद्यालयाबाहेर दर आठवड्याला हाणामारी होते, त्याची वेळ दोन तासांनी कमी करा, दारात प्रकाश ठेवा, कॅमेरे लावा, असे सांगण्याची मधली वाटच नाही.

इंग्लंडमध्ये ती वाट आहे. तेथील 2003 च्या परवाना कायद्यात गुन्हेगारी व अशांतता रोखणे हे एक मूलभूत उद्दिष्ट मानले आहे. शेजारचा साधा रहिवासीसुद्धा परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतो. स्थानिक परिषदेची समिती पोलीस, रहिवासी आणि मालक या तिघांचेही ऐकते. मग अटी वाढवते, वेळ घटवते, तीन महिन्यांपर्यंत परवाना स्थगित करते किंवा रद्द करते. मालकाला न्यायालयात अपिलाची मुभा असते. मद्यपानाला सरावलेल्या समाजालाही ही शिस्त आवश्यक वाटते, मग आपल्याला का वाटू नये?

आपल्याकडे जाग येते ती अनर्थानंतर. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. कडक मद्यासाठी राज्यात 25 वर्षे वयाची अट असताना अल्पवयीन चालकाला मद्य मिळाले कसे, हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला. मद्यालयांना टाळे लागले, इतरांची तपासणी झाली, महिनाभरात महापालिकेचे हातोडे अनधिकृत बांधकामांवर पडले. हे सारे आदल्या दिवशी शक्य नव्हते काय?

दोन आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, परवानाधारक दुकानांवर बंधने आली तर हातभट्टी फोफावेल. ही भीती निराधार नाही. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. पण उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे. 2021 मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत केवळ भट्ट्या फोडल्या नाहीत, तर त्या कुटुंबांना पर्यायी रोजगाराकडे वळवले. बडगा आणि भाकरी एकत्र आली, तरच हातभट्टी हटते.

दुसरा आक्षेप असा की, नगरसेवकांच्या हाती हा अधिकार गेला तर हप्तेबाजीला नवे दार उघडेल. म्हणूनच सुनावणी बंद दालनात नको. पोलीस ठाण्यातील नोंदी सभेत वाचल्या जाव्यात, मालकाला बाजू मांडू द्यावी, निर्णय कारणांसह लेखी असावा. नियमाने धंदा करणाऱ्याला उजेडाचे भय नसते. तेथे राबणाऱ्या आचाऱ्याची व वाढप्याची रोजीरोटीही अशाच न्याय्य पद्धतीने सुरक्षित राहील.

यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ते काम विधिमंडळाचे आहे. परंतु महापालिकेने तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे सोलापुरात प्रशासकाचा कारभार होता. गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकच नव्हता. आता लोकप्रतिनिधींनी प्रभागनिहाय माहिती मागवावी, पोलीस व उत्पादन शुल्क अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा सभेपुढे पाचारण करावे आणि ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे शिफारस करावी. आपणही तक्रार कट्ट्यावर न करता लेखी करावी, तिची पोच जपून ठेवावी.

1930 साली सोलापूरकर कुऱ्हाड घेऊन निघाले होते. आज कुऱ्हाडीची गरज नाही. अर्ज, नोंदवही आणि भर सभेत निर्भयपणे विचारलेला प्रश्न पुरेसा आहे. हुतात्म्यांच्या नगरीने तेवढे धैर्य दाखवायला नको काय?