म्हाताऱ्या झाडांचा सुतार

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या जंगलात रेड-कॉकेडेड वुडपेकर हा दुर्मीळ सुतार पक्षी शोधायचा, तर नजर खोडांवर ठेवावी लागते. नराच्या डोक्यावरची लाल पिसे इतकी मोजकी की दुर्बिणीतूनही क्वचितच दिसतात. ढोली मात्र लांबूनच ओळखू येते. तिच्याभोवती हा पक्षी बारीक छिद्रे पाडून ठेवतो. त्यांतून राळ ओघळत राहते आणि खोड वितळलेल्या मेणबत्तीसारखे दिसू लागते. त्या चिकट्यावरून सापाला वर चढता येत नाही. उजाडायच्या आधी अशा झाडाखाली जाऊन थांबले, की ढोलीतून बाहेर पडणारा पक्षी बहुधा दिसतोच.

दुर्मीळ झाले आहे ते त्याचे झाड. बहुतेक सुतार वठलेल्या लाकडात ढोली कोरतात. याला जिवंत पाइन लागतो, तोही साधारण 80-100 वर्षांचा, बुरशीने गाभा मऊ झालेला. एवढे जमून आले तरी एक ढोली पुरी व्हायला कित्येक वर्षे जातात. लाँगलीफ पाइनचे रान एके काळी सुमारे 9 कोटी एकरांवर होते. तोड, शेती आणि दिसेल ती आग विझवण्याचा हट्ट यांनी त्यातले जेमतेम 3 टक्के शिल्लक ठेवले. विजेने लागणारी, गवतातून सरकत जाणारी आग हे या रानाचे जीवनच आहे. ती थांबली, तशी ओकची गर्दी ढोलीच्या उंचीला पोचली आणि पक्ष्यांनी घरे सोडली. फोर्ट ब्रॅगसारख्या लष्करी तळांवर हा पक्षी टिकला, त्यात गोळाबारीने पेटणाऱ्या गवताचाही वाटा आहे. (आपल्या डोंगरउतारांवर माणसे लावतात त्या वणव्यांचे समर्थन यातून कुणी काढू नये. अमेरिकेतल्या या रानात वनकर्मचारी वारा आणि ओल पाहून, राखण ठेवून आग लावतात.)

1989 च्या ह्यूगो वादळाने दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलातली ढोल्यांची बहुतेक झाडे एका रात्रीत पाडली. तेव्हा माणसांनी उरलेल्या खोडांत लाकडी पेट्या बसवल्या आणि पक्षी त्यांत राहू लागले. या चिकाटीचे फळ म्हणून 1970 पासून ‘संकटग्रस्त’ असलेला हा पक्षी ऑक्टोबर 2024 मध्ये एक पायरी खालच्या, कमी धोक्याच्या वर्गात आला.

याचा आनंद मानावा, पण काम संपले असे कुणी समजू नये. पेट्या बदलत राहाव्या लागतात आणि आगही दर काही वर्षांनी लावावीच लागते. वर्ग बदलला म्हणून यासाठीचा निधी आटता कामा नये. त्याहून महत्त्वाची मागणी वेगळी आहे. आज 30 वर्षांचे असलेले पाइन लाकडाच्या बाजाराला तोडणीजोगे वाटू लागतात. या पक्ष्याला मात्र ते आणखी 50 वर्षांनी हवे आहेत. तोवर त्यांना कुऱ्हाड लागणार नाही, अशी कायद्याने बांधलेली हमी सरकारने आताच द्यावी.