स्नो ब्लोअर घेताय? आधी फुटपाथ मोजा

मंडळी, नोव्हेंबर उजाडला. दुकानांच्या दारात स्नो ब्लोअर ओळीने मांडून ठेवलेत आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमीचा प्रश्न फिरायला लागलाय: "कुठला घेऊ? गॅसचा की बॅटरीचा? २४ इंची की २८?" गेल्या आठवड्यात तिघांनी मला वेगवेगळं विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. जरा लांबेल. आणि हे नुसतं मशीनबद्दल नाहीये, त्यामुळे काहींना रागही येईल. येऊ दे.

आधी माझी कबुली. शिकागोच्या पश्चिमेकडच्या या उपनगरात घर घेतलं, त्या पहिल्याच हिवाळ्यात मी २८ इंची, टू-स्टेज, गॅसवर चालणारं धूड घेऊन आलो. दुकानातला माणूस म्हणाला, "याने तुमचा ड्राइव्हवे वीस मिनिटांत साफ." आणि खरंच व्हायचा. गाडी बाहेर, मी ऑफिसला. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना घरासमोरून जाणारा जो साठ-सत्तर फूट फुटपाथ आहे, तो मात्र तसाच. कधी शनिवारी वेळ मिळाला तर करायचो. मधल्या दिवसांत लोक तो तुडवत जायचे. दुपारी थोडं ऊन पडलं की वितळायचं, रात्री गोठायचं. सकाळी नुसती काच.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, सातारहून मुलाकडे आलेल्या एक काकू नातीला बसस्टॉपवर सोडून परत येत होत्या. माझ्याच घरासमोर त्यांचा पाय सटकला. मनगट मोडलं. मी घरी पोचायच्या आत शेजाऱ्यांनी त्यांना उचलून नेलं होतं. संध्याकाळी भेटायला गेलो तर हाताला प्लास्टर आणि वर मलाच म्हणाल्या, "अहो, तुमची काय चूक? माझंच लक्ष नव्हतं." त्यांचा मुलगा काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की आपण मशीन निवडताना प्रश्नच चुकीचा विचारतो. "ड्राइव्हवे किती मोठा?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की घरासमोरचा फुटपाथ सकाळी सातच्या आत, रोज, कोण आणि कशाने साफ करणार? गाडी दोन-तीन इंच स्नोवरून निघते हो. स्ट्रोलर निघत नाही, व्हीलचेअर निघत नाही. पत्र टाकणारा माणूस पायीच येतो. पाहुणे आलेले आईवडील, ज्यांना इथे गाडी चालवता येत नाही, ते पायीच जातात. फुटपाथ बंद असला की हे सगळे रस्त्यावर उतरतात, आणि प्लाऊने दोन्ही कडांना ढीग लावून रस्ता आधीच अरुंद झालेला असतो.

"साफ केला आणि मग कोणी पडलं तर आपल्यावर केस होते, त्यापेक्षा हातच लावू नये." हे मी आपल्या किमान दहा सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकलंय. इलिनॉयपुरतं तरी हे खोटं आहे. राज्याचा स्नो अँड आइस रिमूव्हल अॅक्ट नेमका याच भीतीवर केलेला आहे. राहत्या घराच्या मालकाने घरालगतचा फुटपाथ साफ केला आणि तरी कोणी घसरलं, तर जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे काही केलं नसेल तोवर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. लोकांनी साफ करावं म्हणूनच हा कायदा आहे. खुद्द शिकागो शहरात तर साफ न करणं हाच गुन्हा. सकाळी सात ते रात्री दहा या वेळात स्नो थांबला की शक्य तितक्या लवकर, आणि रात्री दहानंतर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत, निदान पाच फूट रुंद वाट मोकळी हवी. नाहीतर दंड, तोही ५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. उपनगरांचे नियम गावागणिक वेगळे आहेत. आपल्या गावाच्या वेबसाइटवर पाच मिनिटं घालवा आणि बघा.

आता अवजारं.

शिकागोत वर्षाला सरासरी ३८ इंचांच्या आसपास स्नो पडतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो एकदम पडत नाही. बहुतेक वेळा दोन इंच, तीन इंच, फार तर पाच. २०११ च्या फेब्रुवारीत २१ इंच पडला आणि लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या, ते आपल्याला आठवतं, कारण तसं क्वचित होतं. आपण मशीन घेतो ते त्या क्वचित दिवसासाठी, आणि उरलेला सगळा हिवाळा ते ओढत बसतो.

टू-स्टेज मशीनमध्ये पुढचा लोखंडी स्क्रू स्नो आत ओढतो आणि मागचा पंखा तो लांब फेकतो. स्क्रू जमिनीला टेकत नाही. खाली पट्ट्या असतात, त्यावर मशीन थोडं उचललेलं राहतं. म्हणूनच ते खडीच्या ड्राइव्हवेवर चालतं आणि फूटभर स्नो असला तरी डगमगत नाही. पण त्याच कारणाने ते खाली एक पातळ थर सोडतं. ड्राइव्हवेवर त्याने बिघडत नाही. फुटपाथवर लोकांच्या बुटांनी तो थर दाबला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बर्फ. माझ्या घरासमोर जे दोन-चार शनिवार मी "साफ" केलं होतं, तिथेही हेच झालं होतं.

सिंगल-स्टेजची रबरी पाती थेट जमिनीला घासतात. त्यामुळे काँक्रीट जवळपास कोरडं दिसेपर्यंत साफ होतं. सहा-आठ इंचांपर्यंत ते आरामात चालतं. वजन इतकं कमी की एकट्या माणसाला वळवता येतं, बायकोला किंवा कॉलेजमधल्या मुलीलाही चालवता येतं, आणि हा मुद्दा लहान नाही. माझं धूड दोनशे पौंडांच्या वर आहे. मी टूरवर असलो की ते गॅरेजमध्येच उभं. खडी असेल तर मात्र सिंगल-स्टेज घेऊ नका, दगड उडवतं.

गॅस की बॅटरी? साधा दोन गाड्यांचा ड्राइव्हवे आणि फुटपाथ एवढंच काम असेल तर माझं मत बॅटरीला. सकाळी साडेपाचला सुरू केलं तरी गल्ली जागी होत नाही, ऑक्टोबरात जुन्या पेट्रोलने तुंबलेला कार्ब्युरेटर साफ करत बसावं लागत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती गॅरेजमध्ये न ठेवता घरात ठेवायची आणि कामाच्या वेळी लावायची. लांब ड्राइव्हवे, कोपऱ्यावरचं घर, प्लाऊने तोंडाशी लावलेला तो दगडासारखा बांध, हे सगळं असेल तर गॅसचं टू-स्टेज घ्या, माझी ना नाही. फक्त ते बंद गॅरेजमध्ये तापवत ठेवू नका, धुराने माणूस जातो. आणि तोंडात स्नो अडकला तर हात घालू नका. इंजिन बंद केल्यावरही आत ताण साठलेला असतो, अडथळा निघाला की पातं फिरतं. बोटं तशीच जातात. मशीनबरोबर काठी दिलेली असते, ती त्यासाठीच.

आणि फावडं. मशीन कुठलंही घ्या, फावडी दोन हवीतच. एक रुंद, ढकलायचं, दुसरं छोटं, उचलायचं. दांडा वाकडा असलेलं घ्या, कंबर वाचते. पात्याला धातूची कड असलेलं घ्या. गोठलेल्या पायऱ्यांसाठी एक पहारीसारखं सपाट टोकाचं अवजार मिळतं, तेही असू द्या. पहिले दोन इंच पडले की ढकलून टाका, मग पुढचे दोन. सगळा पडून थांबायची वाट बघत बसलं की काम दुप्पट.

इथे थोडा हिशोब करू. २० फूट बाय ४० फूट ड्राइव्हवे, सहा इंच स्नो, म्हणजे ४०० घनफूट. साधारण स्नो घनफुटाला सात पौंड धरला तरी २८०० पौंड, म्हणजे सव्वा टनाच्या वर. ओला असेल तर दुपटीहून जास्त. हे आपले बाबा, वय ७०, पुण्याहून आलेले, "मला काय धाड भरलीय" म्हणत आपण उठायच्या आधी उपसायला घेतात! अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात स्नो उपसताना झालेल्या दुखापती आणि त्रासामुळे वर्षाला सरासरी ११,५०० लोक इमर्जन्सीत गेले. क्वेबेकमधल्या नोंदींतून असंही दिसलंय की जोरदार स्नोच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅक वाढतात. आपल्या भारतीयांच्या हृदयाची गोष्ट वेगळी सांगायला नको. आणि व्हिजिटर इन्शुरन्सची कलमं ज्यांनी वाचलीत त्यांना पुढचं माहीतच आहे. बाबांना मिठाची बादली द्या. तेवढं काम त्यांचं.

मिठावरून आठवलं. आपले लोक लग्नातल्या अक्षतांसारखं मीठ उधळतात. आधी उपसा, मग मीठ. साधं खडेमीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्यापेक्षा थंड असेल तर कॅल्शियम क्लोराइड घ्या किंवा सरळ वाळू टाका, निदान पाय धरतो. फुटपाथच्या दहा फरशांना कॉफीचा एक मोठा मग पुरतो. दिसेल इतकं पांढरं राहिलं असेल तर ते जास्त झालं, आणि ते वितळून शेवटी ड्युपेज नदीतच जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक घरात एकेक मशीन कशाला हवंय? आमच्या गल्लीत तीन घरांनी मिळून गेल्या वर्षी एक बॅटरीचं सिंगल-स्टेज घेतलं. एक गुजराती कुटुंब, एक पोलिश आजोबा आणि आम्ही. मी त्याला भिशी म्हणतो, आजोबांनाही आता तो शब्द येतो. नियम एकच: जो मशीन बाहेर काढेल त्याने आधी तिन्ही घरांसमोरचा फुटपाथ सलग करायचा, मग स्वतःचा ड्राइव्हवे. आजोबांचं वय ८०. त्यांचा पाळीचा दिवस आम्ही दोघं वाटून घेतो आणि ते आम्हाला सूप पाठवतात. एकदा भांडण झालं, बॅटरी चार्ज न करता ठेवल्यावरून. मिटलं.

कोणी म्हणेल, एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, हे काम गावाचं नाही का? माझंही मत आहे की निदान शाळेच्या वाटेवरचे आणि बसस्टॉपजवळचे फुटपाथ गावाने करावेत. रस्ता गाडीवाल्यांसाठी पहाटे तीनला साफ होतो आणि पायी चालणारा शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे न्यायाचं नाही. शिकागोत अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अॅक्सेस लिव्हिंगने आणि इतरांनी शहराने फुटपाथ साफ करावेत म्हणून मोहीमच चालवली आहे. स्नो हा इथे राजकारणाचा विषय आहेच. १९७९ च्या जानेवारीत शहर स्नोखाली अडकलं, गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या स्टेशनांवर न थांबता जायला लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात मेयर मायकेल बिलँडिक प्रायमरीत जेन बर्न यांच्याकडून हरले. आपल्या गावच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये नागरिकांना बोलायला वेळ देतात. मी डिसेंबरच्या मीटिंगला जाणार आहे, शाळेच्या वाटेचा मुद्दा घेऊन. सोबत कोणी येणार असेल तर कळवा. एकटा मराठी माणूस तीन मिनिटं बोलला तर ते हसून थँक यू म्हणतात, दहा जण बसलेले दिसले तर लिहून घेतात.

काकू या वर्षीही आल्यात. परवा नातीला सोडायला जाताना भेटल्या. हात थंडीत अजून दुखतो म्हणाल्या.

जाता जाता, माझं २८ इंची धूड विकायचं आहे. चालू स्थितीत, बेल्ट नवीन. खडीचा लांब ड्राइव्हवे असलेल्याने मेसेज करावा. साध्या घरासाठी हवं असेल तर मी देणार नाही, कितीही पैसे दिले तरी.